मनगटावरच्या आकड्यावरून नैराश्याचं निदान नको

संपादक महोदय,
स. न.

'घड्याळ ओळखणार नैराश्य' अशा धर्तीच्या बातम्या वरचेवर छापून येतात. आरोग्य शिबिरांत बोटाला क्लिप लावून दोन मिनिटांत 'मानसिक ताणाचा रिपोर्ट' हातात पडतो. या सगळ्यामागचं हार्ट रेट व्हेरिएबिलिटीचं, म्हणजे एचआरव्हीचं (हृदयाच्या ठोक्यांमधल्या अंतरात होणाऱ्या बदलाचं) संशोधन खरं आहे. पण त्याचा असा वापर लोकांचं नुकसान करू शकतो, म्हणून हे पत्र.

नाडी मिनिटाला ६० असली तरी दोन ठोक्यांमधलं अंतर दर वेळी बरोबर एक सेकंद नसतं. कधी ९६० मिलिसेकंद भरतं, कधी १०३०. श्वास घेताना ठोके जवळ येतात, सोडताना लांबतात, आणि हा फरक मुख्यतः मेंदूकडून हृदयाकडे येणाऱ्या व्हेगस मज्जातंतूमुळे पडतो. नैराश्यावरचे १८ अभ्यास २०१० साली एकत्र तपासले गेले, चिंताविकारांवरचे ३६ अभ्यास २०१४ साली. दोन्हींत रुग्णांच्या गटाची एचआरव्ही सरासरीने कमी निघाली. मात्र हा फरक साधारण ०.३ प्रमाण विचलनाएवढाच (माणसामाणसांत एरवी जेवढा फरक असतो, त्याच्या मापाच्या तीन-दशांशाएवढाच) होता. रुग्ण आणि निरोगी यांचे आलेख एकमेकांवर ठेवले, तर जवळपास नऊ-दशांश भाग एकावर एक पडतो. समोर बसलेल्या एका माणसाचा आकडा पाहून तो कुठल्या गटातला, हे त्यावरून ठरवता येत नाही.

त्यात औषधांचा गुंता आहे. नेदरलँड्समधल्या २,३७३ जणांच्या २००८ सालच्या अभ्यासात नैराश्यग्रस्तांची एचआरव्ही कमी दिसली खरी, पण त्यातला बराचसा फरक नैराश्यावरच्या गोळ्यांमुळे होता. म्हणजे उपचार सुरू झाल्यावर रुग्णाला बरं वाटत असतानाच आकडा खाली जाऊ शकतो. तो पाहून कुणी गोळ्या परस्पर बंद केल्या, तर आजार उलटण्याची भीती असते.

मोजमापातही मोठी गफलत होते. समजा पाच मिनिटांत ३०० ठोके पडले आणि खरा आरएमएसएसडी (लागोपाठच्या अंतरांमधल्या फरकांवरून काढलेलं माप) ३० मिलिसेकंद आहे. त्यात एकच ठोका ४०० मिलिसेकंद लवकर पडला, म्हणजे १०००, ६००, १४००, १००० अशी अंतरं आली, तर तोच आरएमएसएसडी ६४ च्या आसपास जातो. तीनशेत एक ठोका चुकला आणि आकडा दुप्पट! असे ठोके निरोगी माणसालाही अधूनमधून पडतात. ईसीजीवर ते डोळ्यांना दिसतात आणि हिशेबातून वगळता येतात. मनगटावरचा प्रकाश-सेन्सर मात्र नाडीची लाट मोजतो. पट्टा सैल असला किंवा हात हलला, तर त्याच्याकडून ठोकाच हुकतो, आणि अशा चुका दर वेळी गाळल्या जातील याची खात्री नसते. एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाची लय बिघडण्याचा आजार) असलेल्यांत तर ठोके मुळातच अनियमित, त्यामुळे एचआरव्ही भरपूर दिसते. ती 'उत्तम' समजणं घातक आहे.

काही ॲप आधी दीर्घ श्वास घ्यायला लावतात आणि लगेच 'ताण कमी झाला' असं दाखवतात. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेतले की ठोक्यांतले चढउतार तेवढ्या वेळापुरते वाढतातच. या श्वसनाचा सराव चिंता कमी करायला मदत करतो असे अभ्यास आहेत, तो जरूर करावा. पण त्या क्षणी वाढलेला आकडा श्वासाचा आहे, मनःस्थितीचा नाही.

ज्यांना मोजायचंच आहे, त्यांनी सकाळी ठरलेल्या वेळी, लघवी करून आल्यावर, चहा-तंबाखूच्या आधी मोजावं. पाच मिनिटं शांत पडून राहावं, मग नेहमीच्या श्वासात, न बोलता पाच मिनिटं नोंद घ्यावी. तुलना स्वतःच्याच आधीच्या आठवड्यांशी आणि त्याच उपकरणावर करावी. काही घड्याळं एसडीएनएन (सगळ्या अंतरांचं प्रमाण विचलन) दाखवतात, काही आरएमएसएसडी. ही मापंच वेगळी आहेत. वयाबरोबर आकडा उतरतो, ताप आणि दारूनेही उतरतो, त्यामुळे शेजाऱ्याच्या आकड्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

आपल्या आरोग्य-पानासाठी एक विनंती. अशी बातमी छापताना चार गोष्टी विचारून घ्याव्यात: किती जणांवर प्रयोग झाला, ते कोणती औषधं घेत होते, मोजमाप ईसीजीचं की मनगटाचं, आणि किती मिनिटांचं. सोबत चौकटीत हेही द्यावं, की उदासी किंवा कशातच रस न वाटणं दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, झोप-भूक बिघडली, जीव नकोसा वाटू लागला, तर घड्याळ काहीही म्हणो, डॉक्टरांना गाठावं. टेलि-मानसची १४४१६ ही सरकारी हेल्पलाइन चोवीस तास मोफत आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

आपला,
एक वाचक