लहानच गाडी ठेव, ताई

परभणी

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस की बोनस हातात आला की १:१० ची, म्हणजे खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्शाएवढी, मोठी रिमोट गाडी घ्यायचं मनात आहे, आणि घरी ठेवलेली ती १:२८ ची लहान गाडी शेजारच्या पोराला देऊन टाका. मी डेपोत होतो, मागे इंजिन चालू होतं, म्हणून नुसतं "बघू" म्हणालो. बोलायचं बरंच होतं, ते आता निवांत लिहितोय. ती गाडी द्यायची नाही. आणि तूसुद्धा एवढ्यात मोठीकडे जाऊ नकोस.

तू पुण्याला गेल्यापासून मी ती पळवतो, हे तुला आईने सांगितलं असेलच. सेल पडून पडून मरू नयेत म्हणून सुरू केलं होतं. आता रात्रीची जेवणं झाली की हॉलमधला दिवाण भिंतीला लागतो आणि मॅट अंथरल्या जातात. लहान लेकरांसाठी मिळतात ना, एकमेकींत अडकणाऱ्या फोमच्या, दोन-दोन फुटांच्या, त्याच आणल्यात. कडेला वायरिंगची केसिंग पट्टी लावली की झाला रस्ता. आपल्या शहाबादीवर ती नीट पळत नव्हती, कारण गाडीचं पोट जमिनीपासून जेमतेम काही मिलिमीटर वर असतं आणि फरशीच्या प्रत्येक दरजेला ती ठेचकाळायची. सतरंजीवर पकड चांगली मिळाली, पण सुताचे धागे मागच्या एक्सलला गुंडाळले जायचे. चाक काढून चिमट्याने ते धागे ओढायला बसलो तर बेअरिंगच्या आत, केसाइतक्या फटीत, निळ्या सुताची बारीक गाठ निघाली. तेवढ्याशा गाठीने गाडी एका बाजूला ओढत होती. बसचा ब्रेक चिकटला तर ती ओढते, हे सांगायला ड्रायव्हर येतो. इथे गाडी स्वतःच सांगते, फक्त बघणारा पाहिजे.

पकडीचं तर विचारूच नकोस. आपली काळी माती कुठे नसते! दार उघडं राहिलं की मॅटवर बारीक धूळ बसते, टायरवर राखाडी थर चढतो आणि वळणावर मागची बाजू सुटते. ओल्या फडक्याने पुसून बघितलं, पण खरा इलाज साधा निघाला. टेबलावर सेलोटेप उलटी चिकटवायची आणि गाडी हाताने तिच्यावरून मागेपुढे फिरवायची. टेप काळी होते, टायर पुन्हा चिकट. टायरच्या रबराला अंश असतात, आकडा जितका लहान तितकं रबर मऊ, हे तू लिहून ठेवलेल्या कागदावरून कळलं. तू पुढे ३० चे आणि मागे २० चे घातलेस ते का, हेही आता कळलं. मागच्या चाकांवर चालणारी गाडी, ताकद मागे, म्हणून मऊ रबरही मागे. पुढे जास्त पकड दिली तर नाक आत वळतं आणि शेपूट बाहेर जातं.

आता डिफरन्शियल, म्हणजे वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग. एसटीच्या वर्कशॉपमध्ये इतकी वर्षं क्राऊन-पिनियन आणि डिफरन्शियल उघडतोय, पण ते काम खड्ड्यात उतरून, ग्रीसमध्ये कोपरापर्यंत हात घालून. तू बसवलेलं बॉल डिफरन्शियल बोटाच्या पेरावर राहतं. मधला गिअर धरून एक चाक फिरवलं की दुसरं उलटं फिरतं, नट किंचित आवळला की जड होतं. मी एक हिशेब मांडला, तुलाही आवडेल. गाडीने अर्धं वर्तुळ, म्हणजे यू-टर्न मारला, तर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा किती जास्त चालतं? दोन चाकांमधलं अंतर गुणिले ३.१४. वळण मोठं असो की लहान, फरक तेवढाच! तुझ्या गाडीत चाकांत सहा सेंटिमीटर धरले तर जवळपास १९ सेंटिमीटर. बसच्या मागच्या चाकांत दोन मीटर धरले तर सव्वासहा मीटर. म्हणून नट जास्त आवळला की गाडी वळायला नकार देते, सरळ पट्टीवर जाऊन आदळते. जास्त सैल केला की आतलं चाक जागच्या जागी गरगरतं आणि वळणातून निघताना जोरच लागत नाही. मधली जागा शोधण्यात माझा एक अख्खा रविवार गेला, आणि तो फार सुखाचा गेला.

चालवण्याबद्दल सांगतो. आधी मी रिमोटचा ट्रिगर, म्हणजे वेगाची कळ, ओढला की सोडतच नव्हतो. ही गाडी सेकंदाला तीन मीटर गेली, म्हणजे ताशी अकराच्या आत, तरी २८ पट मोठी करून बघितली तर ताशी तीनशेचा वेग होतो. डोळ्यालाही तसाच वाटतो. वळणाच्या आधी ट्रिगर सोडायचा, नाक आत गेलं की हळूहळू ओढायचा. घाटात बस उतरवणाऱ्या ड्रायव्हरला हे शिकवावं लागत नाही, पण बोटात उतरायला वेळ लागतो. त्यात गाडी आपल्याकडे तोंड करून येत असली की डावं-उजवं उलटं. तेव्हा विचार करायला गेलं की गाडी पट्टीत. मनाने गाडीत जाऊन बसावं लागतं. ते जमलं त्या रात्री मी खूप वेळ थांबलोच नाही, सेल उतरेपर्यंत फेऱ्या मारत राहिलो.

तुझ्या आईचं मात्र निराळं आहे. पहिल्या दिवशी म्हणाली, "एवढंसं ते लेकरू, कशाला पळवायलात त्याला?" आता रोज एक डाव तिचा असतो. आणि खरं सांगतो, ती माझ्यापेक्षा चांगली चालवते. हात हलका आहे, स्टिअरिंग झटक्याने फिरवत नाही, त्यामुळे गाडी कुठे घसरतच नाही. शेजारच्या आजोबांना वरची बॉडी काढून दाखवली, पोर्शे आहे, जर्मनीची, असं सांगितलं. ते लगेच म्हणाले, "मग बरोबरच हाय की, जगात जर्मनी, भारतात परभणी!" त्यांचा नातूही येतो. त्याला चालवू देतो, पण गाडी घरातच राहते.

आता मोठीचं. तूच सांगितलं होतंस की तामिया या जपानी कंपनीने १९७६ साली आपली पहिली रिमोट गाडी काढली ती पोर्शे ९३४ होती, १:१२ ची. पुढे १९९९ ला क्योशो या दुसऱ्या जपानी कंपनीने आपली ही लहान गाडी, मिनी-झेड, काढली, चार ट्रिपल-ए सेलवर चालणारी. म्हणजे बाहेरच्या मैदानातला खेळ त्यांनी घरात आणला. तू तो पुन्हा बाहेर न्यायला निघालीस. तिथे तुझ्याकडे काय आहे? तिघी मिळून घेतलेला फ्लॅट, खाली सोसायटीचं पार्किंग, त्यात उभ्या लोकांच्या गाड्या आणि खेळणारी पोरं. १:१० ची गाडी दीड किलोच्या आसपास, आपली पावणेदोनशे ग्रॅम. वजन आठपट धर. वेग दुप्पट झाला की धडकेचा जोर चौपट होतो. म्हणजे सगळा मिळून बत्तीसपट! आपली गाडी भिंतीला लागली की उलटते, मी सरळ करतो, पुन्हा पळते. मोठी पार्किंगच्या खांबाला लागली की चाक धरणारा आर्म तुटणार, सुटे भाग मागवणार, आठवडाभर वाट बघणार.

बॅटरीचाही विचार कर. मोठ्या गाड्यांत आता बहुतेक लिपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर बॅटरी असते. चार्जिंगला लावली की समोरून उठायचं नाही, सेल ४.२ व्होल्टच्या वर न्यायचा नाही, वापरायची नसेल तर ३.८ च्या आसपास आणून ठेवायची, फुगली किंवा चेपली तर आगीची भीती. नोकरी करून रात्री आठला घरी येणाऱ्या पोरीने हे सगळं कधी करायचं? आणि सुट्टीत मे महिन्यात इकडे आणलीस तर कुठे पळवणार? दुपारी गच्चीवर पाय ठेववत नाही. लहान गाडीला पंख्याखाली हॉल पुरतो. सेलही साधे चार्जेबल, १.२ व्होल्टचे चार, तुझ्या आईलाही बदलता येतात.

पैसे तुझे आहेत, मी अडवणार नाही. मोठं होऊन मोठी गाडी घ्यावी असं वाटणं मला समजतं. पण या लहान गाडीत अजून खूप काही शिल्लक आहे. मोटारीचं पिनियन, म्हणजे तिच्या टोकाचं लहान दातेरी चाक, सहा ते नऊ दातांचं बदलता येतं. आपल्या हॉलमध्ये सरळ रस्ता लहान, म्हणून मी सहाचं लावलंय, वळणातून झटकन उठते. मोठा हॉल मिळाला तर आठचं लावून बघायचं आहे. कोपऱ्यावरच्या मंगल कार्यालयाच्या मालकांशी बोलून ठेवलंय, तिथी नसलेल्या दिवशी खालचा हॉल देतो म्हणालेत. तिथे दोन गाड्या एकदम पळवता येतील. आता २.४ गिगाहर्ट्झचे रिमोट आपापल्या गाडीशीच जोडलेले असतात, एकमेकांत गोंधळ नाही. तेव्हा बोनसमधून घ्यायचीच तर अशीच दुसरी घे, तुझी म्हणून. ही माझ्याकडे राहू दे.

दिवाळीला येताना मागचे २० चे टायर दोन जोड आण, माझे गुळगुळीत झालेत. इथे मिळत नाहीत. चारही सेल एकदम लागतील असा चार्जर बघ, आणि बारीक फिलिप्स स्क्रू-ड्रायव्हर चांगल्या पोलादाचा आण, आपल्याकडचा स्क्रूची डोकी खराब करायला लागलाय. रेल्वेचं तिकीट आताच काढ, नंतर मिळायचं नाही. आईने शेंगदाण्याची चटणी करून ठेवलीय, कोणी तिकडे येणारं असेल तर कळव, पाठवून देतो.

तब्येतीला जप. रात्री जागू नकोस.

तुझे
पप्पा