ताईंची सही होईपर्यंत चेक नको

कोल्हापूर, मंगळवार

चि. अनू हिस,
अनेक आशीर्वाद.

काल बोलता बोलता तू फोन ठेवलास. मला राग आलेला नाही. पण समोरासमोर आलं की तू "बघते" म्हणतेस आणि विषय तिथेच मिटतो, म्हणून लिहायला बसले. शांतपणे वाच, समीररावांनाही दाखव. सानेगुरुजी वसाहतीतल्या घरासाठी अक्षय्य तृतीयेला मालकांना पाच लाखांचा चेक देऊन मोकळं व्हायचं तुमचं ठरलंय. चेकचं सगळ्यात शेवटी लिहायचं असं ठरवलं होतं, पण राहवत नाही. मालकांच्या बहिणीची, इचलकरंजीच्या ताईंची, सही कागदावर आल्याशिवाय तो देऊ नकोस.

आता दराचं. मालक ६८ लाखांवरून हलत नाहीत, म्हणून तू ६२, ६२ करत परत आलीस आणि आता एकदम ६८ ला हो म्हणायला निघालीस. माणूस हट्टी आहे असं मला वाटत नाही. घर त्यांच्या वडिलांचं. प्रॉपर्टी कार्डावर अजून वडिलांचंच नाव आहे, वारसनोंद झालेली नाही. वारस दोघंच, भाऊ आणि बहीण. एजंट बोलता बोलता अण्णांना म्हणाला की भावाने बहिणीला ३४ लाखांचा शब्द दिलाय. घोडं तिथे अडलंय. त्यांनी तुला तीन लाख सोडले तर त्यातले दीड लाख ताईंचे सुटतात, आणि ताईंचे पैसे ते कुठल्या तोंडाने सोडतील? एकट्या भावापुढे किती वेळा आकडा ठेवलास तरी उत्तर तेच येणार. एजंटाला सांग, बैठक दोघांच्या समोर होईल. ताईंना इचलकरंजीहून यायला तासभरही लागत नाही.

"लग्न झालेल्या मुलीचा काय संबंध" असं तुला कोणीतरी ऐकवेल. घर वडिलांच्या कमाईचं असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगी मुलाच्या बरोबरीची वारस. वडिलोपार्जित असेल तर २००५ च्या दुरुस्तीने तिला जन्मापासूनच हक्क दिलाय, आणि त्यासाठी वडील २००५ ला हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केलं. ताईंनी स्टँपपेपरवर लिहून दिलंय, नोटरी केलंय, असा कागद पुढे आला तर त्याला किंमत नाही. हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं. कुलमुखत्यारपत्र असेल तर तेही नोंदणीकृत हवं, त्यात विक्रीचा अधिकार स्पष्ट लिहिलेला हवा, आणि तरीही तू ताईंशी स्वतः बोल. सगळ्यात बरं म्हणजे त्यांनी स्वतः दुय्यम निबंधकांसमोर येऊन अंगठा आणि फोटो देणं.

हिशेब तू मला पाठवलास तो अर्धाच आहे. बँकेच्या व्हॅल्युअरने घर ६३ लाखांचं धरलंय. करारातली किंमत आणि व्हॅल्युएशन यात जी रक्कम कमी, तिच्यावर बँक कर्ज देते. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांची मर्यादा, म्हणजे ५० लाख ४० हजार. तू दर वाढवलास म्हणून कर्ज वाढणार नाही. ६३ च्या वरचा प्रत्येक रुपया तुझ्या खिशातला.

तुमची शिल्लक १९ लाख. ६८ ला घेतलंस तर घराचे १७ लाख ६० हजार, मुद्रांक ३ लाख ४० हजार, नोंदणी फी ३० हजार, एजंटाचे एक टक्क्याने ६८ हजार. २२ लाखांच्या घरात गेलं. कमी पडणारे तीन लाख तू सोनं मोडून उभे करणार, हे मला तुझ्या काकूकडून कळलं. ६५ ला घेतलंस तर सगळं धरून १८ लाख ८० हजारांत बसतं. म्हणून ६५ ही तुझी शेवटची रेघ. बैठकीला जायच्या आधी ती कागदावर लिही आणि समीररावांची त्याखाली सही घे, म्हणजे तिथे बसल्यावर कोणी एक पुढे सरकणार नाही. हप्ता साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांना लाखाला सुमारे ८६८ रुपये पडतो, तुझा ४३,७०० च्या आसपास जाईल. दोघांपैकी एकाचा पगार सहा महिने थांबला तर तो कुठून भरायचा, हेही त्याच कागदावर लिही.

यात मुद्रांक मी पाच टक्के धरलाय. आपल्याकडे महापालिका हद्दीत स्थानिक संस्थेचा एक टक्का मिळून सहा होतो, पण खरेदी फक्त स्त्रीच्या नावाने असेल तर एक टक्का सूट आहे. दोघांच्या नावाने घेतलंत की सूट गेली, आणि ६५ लाखांवर ६५ हजार वाढले की हिशेब पुन्हा शिलकीच्या बाहेर. समीरराव कर्जात सहकर्जदार राहतील, मालकी तुझ्या एकटीच्या नावावर ठेवता येते. त्यांना वाईट वाटू नये असं बोल. माणूस समजूतदार आहे.

मग ६८ वरून खाली कसं यायचं? "जरा कमी करा" म्हणून कोणी कमी करत नाही. कारण आणि कागद दाखवायचा. गच्चीवरची पत्र्याची खोली मंजूर नकाशात नाही, व्हॅल्युअरने ती धरलीच नाही, आणि मालकांनी मात्र चौरस फुटांत मोजलीय. तिचे १ लाख ४० हजार. गेल्या रविवारी मी आणि अण्णा पुन्हा घर बघून आलो. उत्तरेकडच्या खोलीत नवा डिस्टेंपर मारलाय, पण भिंतीतल्या कपाटाचं दार उघडलं तर आतल्या बाजूला छतापासून हातभर खाली पांढरी खार फुटलीय, बोटाने खरवडली की पावडर पडते. जिन्याच्या स्लॅबला खालून सळईच्या रेषेत तांबूस डाग आहेत आणि बोटाच्या पेराने ठोकलं की पोकळ वाजतं. आतली सळई गंजून फुगली की काँक्रीट सुटतं, वरून गिलावा करून ते थांबत नाही. गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि जिना, दोन्हीचं लेखी अंदाजपत्रक कंत्राटदाराने १ लाख ८० हजारांचं दिलंय. शिवाय घरफाळा थकलाय, दंडासह ४० हजार. एकूण ३ लाख ६० हजार. तुझा आकडा ६४ लाख ४० हजार. ६२ सारखा गोल आकडा हवेतला वाटतो. याच्यामागे तीन कागद आहेत, आणि तिथून ६५ पर्यंत यायला तुझ्याकडे थोडी जागाही राहते.

शेजारच्या घराला काय मिळालं हे एजंटाच्या तोंडचं धरू नकोस, तो मागितलेला दर सांगतो. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये सूची क्रमांक २ बघ, नोंदवलेली रक्कम तिथे असते. पण तुलना सानेगुरुजी वसाहतीतल्याच घरांशी कर. रमणमळ्यातलं स्वस्त घर मालकांना दाखवून उपयोग नाही, २०१९ आणि २०२१ ला तिकडे पाणी आलं होतं, हे त्यांनाही ठाऊक आहे.

पाणी म्हटलं की तू डोळ्यासमोर येतेस. २००५ चा जुलै, तू दहा वर्षांची. गंगावेशीकडून पाणी चढत होतं आणि तू दप्तर, दादाच्या वह्या, आजीचा देव्हारा एकेक करून माळ्यावर नेत होतीस. खालून हाका मारल्या तरी उतरेनास. शेवटी अण्णांनी खांद्यावर टाकून बाहेर काढलं, तर म्हणालीस, "मी मोठी झाल्यावर उंचावर घर घेणार." सानेगुरुजी वसाहतीतल्या त्या गच्चीवर उभी राहिलीस तेव्हा तुझा चेहरा मी पाहिला. म्हणूनच भीती वाटते गं. तो चेहरा मालकांनीही पाहिलाय, एजंटानेही. बैठकीत तुळस कुठे ठेवायची हे बोलू नकोस. घराला नावंही ठेवू नकोस, त्यांच्या आईने त्या घरात जन्म काढलाय.

पैशांवर अडलं तर दुसऱ्या बाजूने जा. "तुमच्या दोघांच्या हातात किती पडायला हवेत आणि कधी?" असं विचार. भावाला दुसरं घर बघायला वेळ हवा असणार. त्यांना खरेदीखतानंतर दोन महिने राहू दे, भाडं नको म्हण, फक्त दोन लाख किल्ली देईपर्यंत राखून ठेवायचे असं खरेदीखतात लिहून घे. ताईंना बहुधा रक्कम लवकर हवी असेल. त्यांचा डीडी खरेदीखताच्याच दिवशी त्यांच्या नावाने निघेल हे सांग. सोलर, इन्व्हर्टर आणि मोटर किमतीतच ठेवायला सांग. वारसनोंदीचा खर्च त्यांचा.

"चार लाख रोख द्या, कागदावर कमी दाखवू" असं आलं तर तिथेच नाही म्हण. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेता-देता येत नाही, दंड तेवढ्याच रकमेचा. वर त्या चार लाखांची पावती कोणी देत नाही, आणि उद्या व्यवहार फिसकटला तर ते मागायचे कोणाकडे?

"दुसरं गिऱ्हाईक मुहूर्ताला येतंय" हे ऐकूनच तू घाबरलीस ना? येऊ दे. त्यालाही ताईंची सही लागणारच आहे. मुहूर्त साधायचा असेल तर त्या दिवशी ५१ हजारांचा चेक दे, तोही दोघांच्या सहीच्या इसारपावतीवर, आणि त्यात लिही की मालकी हक्कात दोष निघाला किंवा कर्ज नाकारलं गेलं तर रक्कम १५ दिवसांत परत. मग वकिलांकडून मालकीच्या नोंदींचा ३० वर्षांचा सर्च, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, वारसनोंद. हे सगळं स्वच्छ आलं की साठेखत, म्हणजे खरेदीखताआधीचा विक्रीचा करार, नोंदवायचं आणि मोठी रक्कम तेव्हा. साठेखताला भरलेला मुद्रांक खरेदीखतात वळता होतो, पैसे दोनदा जात नाहीत. पण भावाच्या एकट्याच्या सहीवर पाच लाख देऊ नकोस, अनू.

पुन्हा तेच लिहिलं. बँकेतल्या खिडकीतून बोलल्यासारखं झालं असेल तर माफ कर. एकतीस वर्षांच्या मुलीला एवढं सांगावं लागू नये हे मला कळतं. स्वतःच्या कमाईने कोल्हापुरात परत येऊन घर घेणारी आपल्या घरातली तू पहिली मुलगी, आणि हे मी भेटेल त्याला सांगत फिरते. सोनं तुझं आहे, मोडायचं की नाही ते तूच ठरव. फक्त ६५ च्या वर जाण्यासाठी मोडू नकोस.

शनिवारी सकाळच्या गाडीने ये. वकिलांकडे अकराची वेळ घेतलीय. येताना दोघांचं आधार, पॅन आणि बँकेचं मंजुरीपत्र आण. मालकांच्या वडिलांचं मूळ खरेदीखत, मृत्यूचा दाखला, मंजूर नकाशा आणि कम्प्लिशन सर्टिफिकेट एजंटाकडून शुक्रवारपर्यंत मागवून ठेव. नकाशा नाही मिळाला तर मला लगेच फोन कर.

तुझी,
आई

ता. क. – किंमत ५० लाखांच्या वर आहे, तेव्हा रक्कम देताना विकणाऱ्यांच्या आयकरापोटी एक टक्का टीडीएस कापून तुलाच भरायचाय. विकणारे दोघं, म्हणून तोही वेगवेगळा, अर्धा भावाच्या पॅनवर आणि अर्धा ताईंच्या. ताईंचं पॅन आधारशी जोडलेलं आहे का ते आधी विचार. नसेल तर एकाऐवजी वीस टक्के कापावे लागतात, आणि ऐन खरेदीखताच्या दिवशी त्यावरून वाद होतो.