‘पॉपेआ’चे शब्द कुणाचे?

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला ‘पॉपेआ’ या इटालियन ऑपेरावरचा लेख वाचला. फोटो झकास, मांडणी देखणी, संगीतकार मोंतेवेर्दीच्या थोरवीबद्दलही वाद नाही. पण पान भरून लिहिताना जोव्हान फ्रांचेस्को बुझेनेल्लो या शब्दकाराचं नाव एकदाही येऊ नये? ‘शब्द व्हेनिसमधल्या एका वकिलाकडून लिहून घेतले’ एवढ्यावर बोळवण. लिहून घेतले! भाडेकरार होता का तो?

या ‘एका वकिला’ने (१५९८–१६५९) वकिली सांभाळून कावाल्ली या संगीतकारासाठी ‘दिदोने’ लिहिलं, मोंतेवेर्दीसाठी १६४३चं ‘पॉपेआ’ लिहिलं, शिवाय व्हेनिसच्या बोलीत टवाळ कविताही केल्या. पहिल्या अंकातली रोमचा सम्राट नीरो आणि त्याचा गुरू, तत्त्वज्ञ सेनेका यांची खडाजंगी आपल्या लेखकाने ऐकली असेलच. सेनेका न्यायनीती सांगतोय आणि नीरो म्हणतो, कायदा ताबेदारांसाठी. मनात आलं तर जुना रद्द करीन, नवा आणीन. पुढे तर एकेका ओळीचे सवाल-जवाब. उलटतपासणी घेतलेला माणूसच हे लिहू जाणे. नंतर सेनेका मरायला निघतो तेव्हा त्याची माणसं ‘मरू नका’ म्हणून गळा काढतात आणि त्याच दमात सांगून टाकतात, आम्ही तर बुवा मरणार नाही! हा तिरकसपणा सुरांच्या आधी शब्दांत आहे.

‘मोंतेवेर्दीने इतिहासाची मोडतोड केली’ हा ठपकाही भलत्याच आरोपीवर. पॉपेआचं नीरोशी लग्न इ.स. ६२ मधलं, सेनेका गेला ६५ मध्ये. ऑपेरात आधी सेनेका मरतो, मग लग्न. ही उलटापालट बुझेनेल्लोची. रोमन इतिहासकार टॅसिटस असं सांगतो, इथे मात्र वेगळं दाखवलंय, असं त्याने कथासारात चक्क लिहून ठेवलंय. याहून स्वच्छ कबुलीजबाब मी कोर्टात पाहिलेला नाही. आणि शेवटच्या ज्या द्वंद्वगीतावर आपला लेख विरघळतो, ते त्याच्या १६५६च्या छापील संहितेत नाहीच. चालही मोंतेवेर्दीची नसावी, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे.

मला हे झोंबतं, त्याला कारण आहे. आमच्या वकील मंडळींच्या स्नेहसंमेलनात मी रचलेली नांदी गायली गेली. पत्रिकेत संगीतकार, गायिका, पेटी, तबला, झालंच तर मंडपवाल्याचा मोबाइल नंबर. आणि पुढे ‘गीत : पारंपरिक’. नांदीत कोर्टाच्या नव्या इमारतीतल्या बंद पडलेल्या लिफ्टचा उल्लेख होता! चिटणिसांना गाठलं, तर म्हणे, ‘वकीलसाहेब, चाल फर्मास होती, शब्द कोण ऐकतंय?’

दुरुस्ती छापणार असाल तर नाव पूर्ण छापा. आणि पुरवणी हातात आहेच म्हणून विचारतो : शब्दकोड्याचं उत्तर ‘पुढील अंकी’ असं दर खेपेला छापता, तो पुढील अंक निघणार कधी?

– एक वकील वाचक, सातारा