विनोदी चित्रपटाची डिस्क तपासताना

महोदय,

विनोदी चित्रपटाच्या डिस्कचे परीक्षण करताना चित्र आणि ध्वनी यांची दखल बहुधा एका ओळीत उरकली जाते, याची मला खंत वाटते. विनोदाची अर्धी मदार चेहऱ्यावर असते; चित्र स्वच्छ करण्याच्या नादात फिल्मचा मूळचा दाणेदारपणा पुसून टाकला, की नटाच्या कपाळावरची आठी आणि ओठांच्या कोपऱ्यात दाबून धरलेले हसूही मेणासारखे गुळगुळीत होऊन जाते. १९२० × १०८० पिक्सेलच्या, म्हणजे बारीक तपशील दाखवणाऱ्या ब्लू-रे डिस्कमध्येही हे घडते, म्हणून केवळ आकड्यांवर विसंबू नये.

ध्वनीचे दुखणे याहून मोठे आहे. ५.१ ध्वनिरचनेत (पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक वेगळा स्पीकर) संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात. तो दबलेला असला, तर संगीताने घर हादरते आणि पुटपुटलेला टोला मात्र हरवतो. मी नुकत्याच घेतलेल्या एका डिस्कमध्ये संवाद ओठांच्या किंचित मागे पडत होते, आणि दाराआडून डोकावणाऱ्या नटाच्या नेमक्या वाक्यावर घरात कोणीच हसले नाही. परीक्षकांनी निदान एक शांत प्रसंग आवाज न वाढवता ऐकून मगच गुण द्यावेत, ही विनंती.

आपला,
एक प्रेक्षक