नाव देवीचे, काम रसायनाचे

संपादक महोदय,
तुळजाभवानी, येडेश्वरीच्या नावावर करणी काढणारे देवऋषी मराठवाड्यात अजून आहेत. नारळाच्या शेंडीत सोडियम या पाणी लागताच पेट घेणाऱ्या धातूचा बारीक तुकडा दडवून वर पाणी शिंपडले की शेंडी पेटते. लिंबू 'रक्ताळते' ते सुरीवर चोळून वाळवलेल्या जास्वंदीमुळे. सोडियम रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात; ते बाहेर फार वेळ राहिले तर त्यावर पांढरट थर चढतो, नारळ पेटत नाही. मग 'देवी कोपली' म्हणत बोकड मागायचा! देवीचे नाव लागते ते इथे: प्रयोग फसला तरी दोष घरच्यांच्या भक्तीचा.

२०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा पूजा, वारी, कीर्तनाला हात लावत नाही. अंगात दैवी शक्ती असल्याचे भासवून भीती घालणे, सर्पदंशावरील उपचार रोखणे हा मात्र गुन्हा. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षे. तक्रार पोलीस ठाण्यातील दक्षता अधिकाऱ्याकडे करावी.

— एक वाचक, धाराशिव