जंगलात टिकायला शिकवा, पण तारेचा फास शिकवू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरच्या रविवार पुरवणीत जंगल सर्व्हायव्हल कॅम्पवर पान भरून आलं होतं, वाचलं. पोरं मोबाईल सोडून रानात यायलेत ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्यातला एक फोटो बघून राहवलं नाही. कॉलेजची पोरं वाकवलेल्या फांदीला तारेचा फास बांधून उभी आहेत आणि खाली लिहिलंय, अन्न मिळवायची आदिम पद्धत शिकताना. साहेब, आम्ही खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडची माणसं, कणकुंबी जांबोटी भागातली, आमच्याकडं हा फास आदिम वगैरे काही नाही, तो आजही लागतो आणि त्यात काय काय अडकतं ते आम्ही बघतोय.

गाडीच्या क्लचची जुनी तार असते ना, तीच. गॅरेजमध्ये फुकट मिळते. डुकराच्या नाहीतर सशाच्या वाटेवर करवंदीच्या बुंध्याला एक टोक बांधायचं, दुसऱ्या टोकाचा सरकता गोल करून पानांत झाकायचा, झालं. जनावर ओढेल तितकी तार आवळत जाते, सैल होत नाही. आमच्या शेजाऱ्यांची गाय असल्या फासात सापडली होती, खुराच्या वर तार कातडं कापून हाडाला भिडलेली, पक्कड आणून तोडेपर्यंत तिचं हंबरणं ऐकवत नव्हतं. ती गाय होती म्हणून ओरडली तरी आणि आम्ही पोचलो. बिबट्या नाहीतर अस्वल अडकलं तर कोण जवळ जाणार? फासाला कळत नाही समोर ससा आहे की बिबट्याचं पिल्लू, आणि लावणारा माणूस विसरून घरी गेला तरी तो फास तिथंच असतो, तार गंजून तुटायला वर्षं जातात. कॅम्प रविवारी संपला, पोरं बसनं गेली, पण लावलेले सगळे फास मोजून काढले का हे विचारायला नको?

दुसरं म्हणजे कायदा. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या कलम 9 नं शिकारीला बंदी आहे आणि त्या कायद्यात शिकार म्हणजे नुसती गोळी घालणं नव्हे, फास लावणं, सापळा लावणं, एवढंच काय तसा प्रयत्न करणं सुद्धा शिकारच. बिबट्या अस्वलासारखं पहिल्या अनुसूचीतलं जनावर मेलं तर कमीत कमी तीन वर्षांची कैद आहे. आणि आमच्या भागात 2011 पासून भीमगड अभयारण्य आहे, 190 चौरस किलोमीटरचं, तिथं तर परवानगीशिवाय आत जाणं सुद्धा गुन्हा. स्वतःचा जीव वाचवताना जनावर मारलं गेलं तर कायदा ते समजून घेतो, पण फी भरून शनिवार रविवारच्या कॅम्पला आलेल्या पोराला तो आधार मिळणार नाही, आणि केस झाली की पासपोर्ट नोकरी सगळ्यालाच अडचण, हे त्या पोरांना कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही.

आणि खरं बघायला गेलं तर रानात चुकलेल्या माणसाला शिकारीची गरजच काय? माणूस अन्नाशिवाय दोन-तीन आठवडे काढू शकतो, पाण्याशिवाय तीन दिवस काढणं सुद्धा मुश्कील, आणि जुलैत कणकुंबीच्या पावसात भिजून वाऱ्यात बसलं तर एका रात्रीत अंग गार पडून जीव जाऊ शकतो. म्हणजे आधी कोरडी जागा, मग पाणी, मग धूर किंवा शिट्टी करून आपण कुठं आहोत ते कळवणं, आणि जेवण सगळ्यात शेवटी. आमच्या रानात चुकलेला माणूस साधारण दोन दिवसांत सापडतो नाहीतर कुठल्यातरी वाडीला लागतो, त्या दोन दिवसांत ससा मारला काय नाही मारला काय. उलट मेलेलं जनावर हाताळण्यात धोका जास्त. माकडताप म्हणजे केएफडी आठवत असेल, 1957 साली शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात पहिल्यांदा सापडला, आणि 2015-16 ला गोव्याच्या सत्तरीत आणि शेजारच्या दोडामार्गात पोचला. तो गोचिडीतून येतो आणि गोचिडी माकडांवर असतात तशा रानातल्या लहान जनावरांवर पण असतात. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत त्याचा सीझन, आणि बहुतेक कॅम्प पण तेव्हाच असतात.

मग शिकवायचं काय? मासे धरायला शिकवा की. आणि ते शिकायला परदेशातले व्हिडीओ नकोत, आमच्या मलप्रभेच्या आणि म्हादईच्या ओढ्यांवर बसलेले म्हातारे लोक आहेत ना.

आमचे आजोबा ओढ्यात बांध घालायचे तो सांगतो. पाणी गुडघाभर आणि तळ दगडगोट्यांचा असेल अशी जागा. दोन्ही काठांवरून तिरके दगड रचत यायचं, मधी हातभर फट सोडायची, दगडांच्या भोकांत पाला आणि चिखल दाबायचा म्हणजे पाण्याची ओढ त्या मधल्या फटीलाच लागते. त्या फटीत बांबूच्या कामट्यांचा लांबोडा सापळा आडवा ठेवून दगडानं दाबायचा. सापळ्याचं तोंड नरसाळ्यासारखं, आत वळवलेल्या कामट्यांची टोकं आतल्या अंगाला मोकळी, त्यामुळं मासा आत शिरतो पण परत फिरायला गेला की टोकं तोंडाला टोचतात. आणि सापळ्याचं तोंड कुठं करायचं ते पाऊस ठरवतो. मृगाचा पाऊस लागून ओढे भरले की मासे अंडी घालायला वर चढतात, तेव्हा तोंड खालच्या अंगाला. गणपतीनंतर पाणी उतरायला लागलं की तेच मासे खाली यायला बघतात, तेव्हा तोंड वरच्या अंगाला. हे ज्याला कळलं त्याला पाणी कळलं, बाकी सापळा विणणं हातांना चार दिवसांत येतं. कामट्यांत बोटभर अंतर सोडायचे, बारकी पिल्लं निसटून जायची. नको असलेला मासा जिवंत सोडून देता येतो, तारेच्या फासात ते होत नाही. माझं मत विचाराल तर चढणीच्या मासळीला हात लावूच नये, पोटात अंडी असतात, उतरणीला धरा.

कॅम्पमधल्या पोरांसाठी अजून सोपं आहे. दोन लिटरची प्लास्टिकची बाटली घ्यायची, वरचा निमुळता भाग कापून उलटा करून आत बसवायचा, कडेला दोरीनं शिवायचा, अंगाला भोकं पाडायची, आत भाकरीचा तुकडा आणि एक दगड टाकून संथ पाण्यात रात्रभर ठेवायची. बारके मासे, झिंगे सापडतात. गळ नसेल तर बांबूची दोन्हीकडं टोकदार केलेली बोटाच्या पेरापेक्षा लहान काडी घ्या, बरोबर मधी दोरा बांधा, काडी दोऱ्याच्या रेषेत धरून गांडुळात लपवा. माशानं गिळलं की दोरा ताणायचा, काडी घशात आडवी होते. मरळ, शिंगटी असले गिळून खाणारे मासे याला लागतात, टोचून खाणारे लागत नाहीत. दोरा नसेल तर मुरुडशेंगेच्या सालीचा वाख काढून वळता येतो, आमच्याकडं गुरांची दावी त्याचीच असायची. ह्यातली एक जरी गोष्ट पोरानं स्वतःच्या हातानं केली तर त्याला रान जास्त कळेल. फक्त अभयारण्यात नाही, आणि तळ्याचा ठेका कुणाचा असेल तर विचारूनच. आणि गोड्या पाण्यातला मासा, खेकडा कच्चा कधी खायचा नाही, कच्च्या खेकड्यातून फुफ्फुसात जंत होतात, चांगला भाजा नाहीतर उकळा.

एक गोष्ट मात्र जुनी असली तरी शिकवू नका, पाण्यात विष कालवायची. गेळाची फळं नाहीतर रामेठ्याची साल कुटून डोहात टाकली की मासे गुंगीत वर येतात. पूर्वी उन्हाळ्यात आटलेल्या डोहात हे चालायचं, पण त्यात पिल्लं, बेडूक, किडे सगळंच जातं आणि खालच्या वाडीची गुरं तेच पाणी पितात. आता त्याच्या जागी ब्लीचिंग पावडर आली, जिलेटिन आलं, बॅटरीचा शॉक आला. पाण्यात स्फोट करून किंवा विष घालून मासे मारायला 1897 च्या फिशरीज कायद्यापासून, म्हणजे इंग्रजांच्या काळापासून बंदी आहे, तरी उन्हाळ्यात आमच्या डोहांवर आवाज येतातच, आणि एकदा जिलेटिन फुटलं की त्या डोहात पुढची दोन वर्षं गळ टाकून बसण्यात अर्थ राहत नाही. यावर तुमच्या बातमीदारांनी लिहावं, कॅम्पच्या फोटोंपेक्षा त्याची जास्त गरज आहे.

माझी विनंती एवढीच आहे की कॅम्पवाल्यांनी तारेचे फास अभ्यासक्रमातून काढावेत आणि त्या जागी गावातल्या जाणत्या माणसाला मानधन देऊन बोलवावं, सापळा विणायला आणि बांध घालायला शिकवायला. अशी माणसं आमच्या वाड्यांवर आहेत अजून, पण सत्तरी ओलांडलेली आहेत आणि त्यांच्या पोरांना हे येत नाही. गणपतीनंतर पाणी उतरताना तुमच्या पेपरनं फोटोग्राफर पाठवला तर मी स्वतः घेऊन जातो. आणि वाचकांपैकी कुणाला रानात तार दिसली आणि त्यात जनावर जिवंत असलं तर जवळ जाऊ नका, वनखात्याच्या 1926 नंबरला फोन करा, जागा नीट सांगा आणि माणसं येईपर्यंत गर्दी होऊ देऊ नका.

आपला,
एक वाचक, जांबोटी भाग, ता. खानापूर, जि. बेळगाव