हौद्याचा फाळका बसवला

मिझूला, मोंटाना
रविवार, २१ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप आबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आज सर्वपित्री, उद्या घट. आई रानातली माती चाळून परडी भरायच्या गडबडीत असेल. पत्र हातात पडेल तोवर दसरा होऊन गेलेला असेल, पण परवा फोनवर जे अर्धं राहिलं ते नीट लिहूनच सांगायचं ठरवलं.

आई, तू विचारलंस, "सागरेश्वरची हरणं उसात शिरली तरी तुझ्या आबांनी कधी त्यांच्यावर दगड उचलला नाही, आणि तू शिकारीला गाडी बांधून देतोस?" मी त्या वेळी गप्प बसलो, कारण दोन वाक्यांत सांगण्यासारखं ते नव्हतं. तुझ्या गळ्यात माळ आहे. धों. म. मोहित्यांनी माणसं जमवून ओसाड डोंगरावर झाडं लावली, १९८५ साली तिथं अभयारण्य झालं, आणि शाळेच्या सहलीत मी पहिलं काळवीट पाहिलं ते तिथंच. मी यातलं काही विसरलेलो नाही.

गाडी माझी नाही, शेजारच्या म्हाताऱ्यांची आहे. वय ७६, बायको जाऊन चार वर्षं झाली. वर्षाला एक एल्क मिळाला तर त्यांचा हिवाळा त्या मटणावर निघतो. नाही मिळाला तर बटाटे आणि डबाबंद घेवडा. एल्क म्हणजे आपल्या सांबराच्या कुळातलंच जनावर, पूर्ण वाढलेला नर ३०० किलोंच्या वर जातो. बंदुकीचा हंगाम ऑक्टोबरच्या शेवटी सुरू होतो आणि पाच आठवड्यांत संपतो. जनावर पडलं की जागेवरच परवान्याची चिठ्ठी नोंदवायची. खाण्याजोगं मटण रानात टाकून आलात तर तो गुन्हा. गाडीतून गोळी झाडायला बंदी. शिवाय बंदुका आणि काडतुसांवर केंद्राचा कर आहे, लांब नळीच्या बंदुकीवर ११ टक्के, आणि १९३७ च्या कायद्यापासून तो पैसा वन्यप्राण्यांच्या कामालाच जातो. आपल्याकडं १९७२ च्या कायद्यानं आणि पुढं १९९१ च्या दुरुस्तीनं शिकार बंद झाली ते योग्यच झालं, आपल्याकडं जनावरं उरलीच किती होती? इथली गोष्ट वेगळी आहे, एवढंच म्हणतो. मी बंदूक हातात घेतलेली नाही. पण तुझ्यापासून लपवत नाही आई, गेल्या वर्षी त्यांनी दिलेलं मटण मी खाल्लं.

आता आबा, तुमच्यासाठी गाडीचं.

१९९५ सालची फोर्ड एफ-१५०. पेट्रोल, सहा सिलिंडर एका रांगेत, ४.९ लिटर. टायमिंगला बेल्टही नाही न् चेनही नाही, गिअरवर गिअर. बॉनेट उघडलं की दोन्ही बाजूंनी खांद्यापर्यंत हात आत जातो, तुम्हाला बघूनच बरं वाटेल. दोन टाक्या आहेत, डॅशवरच्या बटणानं बदलायच्या. फोर व्हीलचे हब हातानं फिरवायचे, आपल्या जुन्या जीपसारखं खाली उतरून.

पहिल्या दिवशी मी पाना घेतलाच नाही, हातोडी घेतली. तुम्ही शिकवलं तसं चासी पुढून मागं वाजवत गेलो. ठण्ण, ठण्ण, ठण्ण, आणि मागच्या डाव्या पाट्याच्या, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या, हँगरपाशी आल्यावर भद्द. वर झकास काळा रंग होता. टोचा लावला तर आत गेला आणि तांबडा भुगा खाली सांडला. इथल्या एका गॅरेजनं दोन वर्षांपूर्वी "चासी करून दिली" म्हणून पैसे घेतले होते. गंजावर नुसता रंग मारला होता. म्हातारे काही बोलले नाहीत, खुर्ची आणून तिथंच बसून राहिले. दोन्ही बाजूंचे रिव्हेट ग्राइंडरनं कापले, नवे हँगर आणले, मोठ्या ताकदीचे बोल्ट टाकून बसवले. दोन शनिवार गेले त्यात. बाकीची गाडी चिखलात गेली तरी निभतं, पण हे सुटलं असतं तर उतारावर मागचा अ‍ॅक्सल तिरका झाला असता.

गेल्या नोव्हेंबरात काय झालं ते तेव्हा तुम्हाला सांगितलं नव्हतं. लोलोच्या जंगलात, वरच्या रस्त्यावर, बर्फावरून घसरून गाडी चरात गेली. म्हातारे एकटे होते. फोनला रेंज नाही. बॅटरी जुनी, सकाळी सेल्फच घेईना. एक रात्र त्यांनी सीटवर ताडपत्री पांघरून काढली. दुसऱ्या दिवशी मी शोधत पोचलो तर दुसरा एक शिकारी त्यांना ओढून काढायच्या तयारीत होता. त्यानं आपल्या गाडीच्या मागच्या गोळ्यात, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या बॉलमध्ये, पट्टा अडकवलेला. मी ओरडलोच. बॉल ट्रेलरच्या वजनासाठी असतो, झटक्याला तो मोडतो आणि तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो. आबा, तुमच्या उजव्या दंडावरचा तो व्रण मला त्या क्षणी समोर दिसला. काळ्या रानात रुतलेली उसाची ट्रॉली, दोन ट्रॅक्टर, आणि तुटलेली वायररोप. त्यानंतर तुम्ही रोपवर ओलं पोतं टाकल्याशिवाय कधी टोचन केलं नाही. तिथं पोतं नव्हतं, मी माझं जाकीट बर्फात भिजवून पट्ट्यावर टाकलं, पट्टा चासीच्या हुकात घेतला आणि सगळ्यांना लांब उभं केलं. गाडी निघाली. त्या दिवशी उतरतानाच ठरवलं की पुढच्या हंगामाआधी ही गाडी बांधायची.

म्हणून हिच्यात सगळं परत येण्यासाठी आहे. पुढं दोन आणि मागं दोन हुक, चासीला बोल्ट करून. चारी चाकांना साखळ्या. त्या एकदा अंगणात सुक्यात बसवून बघितल्या, कारण अंधारात बर्फात पहिल्यांदा उलगडायला घेतल्या तर बोटं काम करत नाहीत. जाड प्लायचे, बर्फाची खूण असलेले टायर. उंच उचलणारा जॅक, आणि त्याच्याखाली टाकायला फळी, नाहीतर जॅक बर्फात खाली जातो आणि गाडी जागेवरच राहते. खोरं, कुऱ्हाड, हातविंच. नवी बॅटरी. कूलंट निम्मं पाणी निम्मं, ते उणे ३५ पर्यंत गोठत नाही. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये हीटर आहे, रात्री घराच्या प्लगला लावून ठेवला की सकाळी पहिल्या सेल्फला चालू.

हौद्यात, म्हणजे मागच्या सामानाच्या भागात, मात्र जीव ओतलाय. हौदा ८ फुटी, प्लायवूडची ८ बाय ४ ची अख्खी शीट न कापता बसते. खाली लांबलचक दोन ड्रॉवर केले, वर फळ्यांचा माळा. ड्रॉवरला बॉल बेअरिंगच्या पट्ट्या लावल्या नाहीत, धूळ आणि बर्फ शिरला की त्या अडकतात. प्लॅस्टिकच्या जाड पट्ट्यांवर सरकतात, थोडे जड आहेत, पण कधीही उघडतील. डावीकडं साखळ्या, पट्टे, हत्यारं. उजवीकडं फक्त मटणाचं सामान: सुती पिशव्या, स्वच्छ ताडपत्री, सुऱ्या. दोन्ही कप्पे मुद्दाम वेगळे ठेवले, पेट्रोल-ग्रीसचा वास मटणाला लागला की ते गेलंच. पेट्रोलचा कॅन बाहेर, फाळक्याजवळ.

माळ्याच्या फळ्यांमध्ये बोटभर फटी ठेवल्यात. म्हाताऱ्यांनी कारण विचारलं तेव्हा मी त्यांना तासगावकडची बेदाण्याची शेड सांगितली: जाळीवर द्राक्षं, चारी बाजूंनी वारं, खालूनसुद्धा. मटणाचंही तेच. बाहेर थंडी असली तरी मांडीच्या हाडाजवळ ऊब राहते आणि तिथून ते आंबतं. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलं तर आणखी लवकर. सुती कापडात, खालून वारा लागेल असं ठेवलं तर वर कोरडी पापडी धरते आणि आत चांगलं राहतं. त्यांना ते लगेच पटलं. ४० वर्षं ते सपाट पत्र्यावर ठेवत होते आणि खालची बाजू दर वेळी कापून टाकत होते. एका जिवाचा तेवढा भाग वाया जायचा. आई, मला तुला हे सांगायचं होतं.

दिव्यांबद्दल थोडं. दुकानदार टपावर दिव्यांची रांग लावायला सांगत होता. नको म्हणालो. रात्री जनावराच्या डोळ्यांवर उजेड मारून शिकार करणं इथं गुन्हा आहे, आणि आपल्या माळावर पोरं बॅटरी मारून ससे धरायची तेही मला कधी बघवलं नाही. एकच दिवा लावला, टपाच्या मागच्या बाजूला, तोंड हौद्यात. काम करताना हात दिसतात, बस्स.

फाळका काल बसवला. जुना एका बाजूनं लोंबत होता, बिजागरीच गेली होती. नवा घातला, आतून रबर लावलं, आता धडधडत नाही. बंद करताना "खट्" असा एकच आवाज येतो. म्हाताऱ्यांनी पाच-सहा वेळा उघडून लावून बघितला.

या खेपेला ते एकटे जाणार नाहीत. मी बरोबर असेन, भगवं जाकीट घालून. इथं बंदुकीच्या हंगामात अंगावर कमरेच्या वर ४०० चौरस इंच भगवा रंग लागतोच, दुसऱ्या शिकाऱ्याला माणूस दिसावा म्हणून. अस्वलांसाठी फवारा घेतलाय, सीटवर दोन गोधड्या ठेवल्यात, त्यातली एक आईनं दिलेली.

एक विचारायचं राहिलं. मागं सामान आणि मटण धरून साधारण ४०० किलो वजन होईल. पाटे जुने आहेत, थोडे सपाट झालेत, पण एकही तडकलेला नाही. एक पाटा वाढवावा म्हणतो. पण मग हौदा रिकामा असताना गाडी दणके देईल आणि बर्फावर मागची चाकं उडतील, अशी भीती वाटते. की आहेत तेच काढून, परत वाकवून कमान मारून घेऊ? इथं ते काम करणारा एक जण आहे, पण तुम्ही म्हणाल तसं करेन. पत्र पोचल्यावर येणाऱ्या रविवारी तुमच्या सकाळी आठला फोन करतो, तेव्हा सांगा. हंगामाला पाच आठवडे आहेत.

तुमचा,
धाकटा